अमेरिकेचं खासगी शॉर्टवेव्ह केंद्र: पकडणं सोपं, ओळखणं अवघड

‘अमेरिकेचं स्टेशन लागलं’ असं कोणी सांगितलं की मी विचारतो, नाव ऐकलंत का? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: नाव नाही ऐकलं, पण उच्चार अमेरिकन होते आणि बायबलवर प्रवचन चाललं होतं. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो आवाज जर्मनीतून आलेला असू शकतो, माडागास्करहूनही. मी तीसेक वर्षं दूरदेशीची शॉर्टवेव्ह केंद्रं पकडून ओळखण्याचा हा उद्योग करतोय आणि पहिली काही वर्षं याच चुकीत घालवली आहेत, म्हणून हा लेख.

रेडिओ, बॅटऱ्या आणि खिडकीबाहेर दहा मीटर तार एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. घरातला इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर बंद करा. ‘कोणता रेडिओ घेऊ’ या प्रश्नावर लोक महिनोन्‌महिने काढतात. फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवणारा कोणताही घ्या.

कोणाला शोधायचंय ते आधी ठरवा

आपल्याकडे शॉर्टवेव्ह म्हणजे आकाशवाणी, विषय संपला. अमेरिकेत तसं नाही. तिथे सरकारी व्हॉइस ऑफ अमेरिकेला समांतर अशी खासगी शॉर्टवेव्ह केंद्रं कित्येक दशकं चालत आली आहेत. त्यांना परवाना एफसीसी, म्हणजे तिथली दूरसंचारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, देते आणि त्यातल्या दोन अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ट्रान्समीटर किमान ५० किलोवॉटचा हवा आणि प्रक्षेपण परदेशी श्रोत्यांसाठी हवं. (यातून पळवाट काढलेली आहेच. अँटेनाचं तोंड कॅनडाकडे किंवा मेक्सिकोकडे करायचं, वाटेत अर्धी अमेरिका ऐकते.)

नावं थोडीच आहेत. टेनेसीतल्या नॅशव्हिलचं डब्ल्यूडब्ल्यूसीआर म्हणजे वर्ल्ड वाइड ख्रिश्चन रेडिओ, १९८९ पासूनचं, १०० किलोवॉटचे ट्रान्समीटर. फ्लोरिडातल्या ओकीचोबीचं डब्ल्यूआरएमआय. नावात मायामी असलं तरी २०१३ पासून ते ओकीचोबीत आहे, कारण फॅमिली रेडिओ या ख्रिश्चन संस्थेचा तिथला सगळा पसारा त्यांनी घेतला. हा तोच फॅमिली रेडिओ, ज्याच्या हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ रोजी अंतिम न्यायाचा दिवस येणार असं जाहीर केलं होतं. तो दिवस सरळ गेला आणि दोन वर्षांनी फॅमिली रेडिओची शॉर्टवेव्ह बंद झाली. अलाबामातलं डब्ल्यूईडब्ल्यूएन कॅथलिकांचं, १९९२ चं. पेन्सिल्व्हेनियात रेड लायन गावी डब्ल्यूआयएनबी आहे, १९६२ पासून. मेन राज्यातल्या मॉन्टिचेलोचं डब्ल्यूबीसीक्यू १९९८ मध्ये ॲलन वायनर यांनी काढलं. त्याआधी, १९८७ मध्ये, हे गृहस्थ न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात जहाज उभं करून विनापरवाना रेडिओ चालवत होते.

नवशिक्याने मात्र यांच्यापैकी कोणाच्याही मागे लागू नये. सुरुवात गुआमपासून करा. पॅसिफिकमधलं हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे, परवाना एफसीसीचाच, आणि अंतर मुंबईपासून साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. तिथे ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं केटीडब्ल्यूआर आहे आणि ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचं केएसडीए. केएसडीएवरून भारतीय भाषांतले कार्यक्रम झाले आहेत, त्यांत मराठीही, आणि या संस्थेचं पुण्याशी जुनं नातं आहे. गुआमचं केंद्र संध्याकाळी साध्या टेलिस्कोपिक अँटेनावर लागतं. ते ओळखून झालं की मग मुख्य भूमीकडे वळा.

वेळ

मुंबईहून नॅशव्हिल साडेतेरा हजार किलोमीटर आहे आणि रेडिओलहरींची वाट पश्चिमेकडून नाही, जवळजवळ सरळ उत्तरेकडून, आर्क्टिक ओलांडून जाते. नकाशावर पट्टी ठेवून ‘अरबी समुद्राकडे तोंड करून तार बांधा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. वाट ध्रुवाजवळून जाते म्हणूनच सौरवादळ झालं की सगळ्यात आधी हीच केंद्रं गायब होतात. के-निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा आकडा, ३ च्या वर असेल त्या दिवशी झोपा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वेळ पहाटे साडेपाच ते सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत, नाहीतर संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. बाकी वेळी नुसती खरखर ऐकून मान अवघडते.

ओळख: इथे घाई केली की फसलात

१९९० च्या दशकातल्या एका डिसेंबरात मला पहाटे एका प्रवचनकाराचा आवाज लागला. अर्धा तास ऐकलं, वहीत सगळं टिपलं. शेवटी त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून पत्ता सांगितला, तोही मी उतरवून घेतला. इतक्या दूरचं केंद्र मिळालं म्हणून त्या दिवशी ऑफिसात मी जमिनीवर नव्हतो. त्या पत्त्यावर मी काय, कधी, कसं ऐकलं याचा व्यवस्थित अहवाल पाठवला आणि क्यूएसएल कार्डाची, म्हणजे तुम्ही आमचंच केंद्र ऐकलंत या लेखी पावतीची, वाट बघत बसलो. दोन महिन्यांनी आलं ते जाड पाकीट, आत पुस्तिकाच पुस्तिका. पुढे चार वर्षं दर महिन्याला मासिक येत राहिलं. पोस्टमनकाका ते हातात देताना गालात हसायचे आणि आई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय रे, धर्म बदलायचा विचार आहे का? असेल तर आधी सांग.” कार्ड कधीच आलं नाही. येणार कुठून? तो पत्ता केंद्राचा नव्हताच, प्रवचनकाराच्या संस्थेचा होता. त्या बिचाऱ्यांना माझा अहवाल म्हणजे दूरदेशीच्या एका भाविकाचं पत्र वाटलं असणार.

ही चूक समजायची तर तिथला धंदा समजून घ्यावा लागतो. यांतली बरीच केंद्रं स्वतः फारसे कार्यक्रम करत नाहीत, ती वेळ विकतात. गावातलं मंगल कार्यालय भाड्याने देतात ना, तसं. आज यांचं लग्न, उद्या त्यांची मुंज. दारावरच्या कमानीवर नाव असतं ते यजमानांचं, कार्यालयाच्या मालकाचं नाही. तुम्हाला ऐकू येतो तो यजमान आणि कार्ड मिळतं मालकाकडून.

एकच यजमान एकाच वेळी चार कार्यालयं घेतो, ही त्यापुढची अडचण. साउथ कॅरोलायनाचे प्रवचनकार ब्रदर स्टेअर हे याचं मोठं उदाहरण. त्यांनी इतक्या केंद्रांवर वेळ घेतला होता की रात्री बँडवरून सुई फिरवली तर तोच घोगरा, चढा आवाज जागोजागी भेटायचा. २०२१ मध्ये ते वारले, तरी टेप वाजत राहिल्या. कॅलिफोर्नियाचे प्रवचनकार जीन स्कॉट २००५ मध्ये गेले आणि त्यांचीही ध्वनिमुद्रणं पुढे वर्षानुवर्षं चालली. तेव्हा आवाज ओळखीचा आहे, यावरून केंद्र ठरत नाही आणि तो माणूस हयात आहे एवढंसुद्धा ठरत नाही. ‘दोन फ्रिक्वेन्सींवर तोच कार्यक्रम म्हणजे तेच केंद्र’ हा सल्ला सर्रास दिला जातो. या केंद्रांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

तिसरा सापळा जोराचा सिग्नल. अमेरिकन प्रवचन संध्याकाळी सांगलीत एखाद्या स्थानिक केंद्रासारखं खणखणीत येत असेल तर आनंद नको, संशय हवा. अमेरिकन संस्था युरोपातले, आफ्रिकेतले ट्रान्समीटर भाड्याने घेतात किंवा तिथे स्वतःचे उभारतात. अलास्कातलं केएनएलएस १९८३ पासून चालवणाऱ्या टेनेसीच्या संस्थेने २०१६ मध्ये माडागास्करमध्ये दुसरं केंद्र सुरू केलं. बोलणारे अमेरिकन, संस्था अमेरिकन, पण तो सिग्नल हिंदी महासागरावरून येतो.

मग ओळखायचं कशावरून? एफसीसीच्या नियमानुसार या केंद्रांना दर तासाच्या ठोक्याला आपलं संकेतनाव (डब्ल्यूडब्ल्यूसीआर वगैरे) आणि गावाचं नाव सांगावं लागतं. प्रवचनकार कितीही रंगात आलेला असो, ठोक्याच्या आसपास त्याला मध्येच तोडून कोरड्या आवाजात घोषणा होते. पाच-सहा सेकंदांचा खेळ. आणि आपले लोक नेमके तेव्हा चहा ठेवायला उठतात, कारण त्यांच्या घड्याळात तास झालेला नसतो. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे तिकडचा तास आपल्याकडे अर्ध्यावर पडतो. सहा नाही, साडेसहा. सात नाही, साडेसात. हे समजायला मला, सांगायला लाज वाटते, एक अख्खा हिवाळा लागला.

माझी पद्धत सांगतो. ६:२६ ला रेकॉर्डिंग सुरू, ६:३४ ला बंद, मध्ये रेडिओला हात लावायचा नाही. सिग्नल बुडाला तरी फ्रिक्वेन्सी हलवायची नाही. बुडालेला सिग्नल बहुतेक वेळा अर्ध्या-एक मिनिटात वर येतो आणि तुम्ही शोधाशोध करत असता तेव्हा नाव निघून जातं. नंतर हेडफोन लावून ते आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग पाच-सहा वेळा ऐकायचं. संकेतनाव पूर्ण कळलं नाही तरी गाव कळतं, कारण ‘डब्ल्यू’चा घोळ खरखरीत विरघळतो, ‘नॅशव्हिल, टेनेसी’ मात्र ठेक्यावरून लागतं.

४८४० किलोहर्ट्झवर मला हे असंच मिळालं. आमच्या पिढीला ही जागा पाठ, कारण तिथे आकाशवाणीचं मुंबई केंद्र असायचं. ते बंद झाल्यावर एका जानेवारीत सहज म्हणून तिथे गेलो तर तळाशी माणसाचा आवाज होता, विहिरीतून बोलल्यासारखा. ६:२९ ला तो पार गेला. मी हात मांडीखाली दाबून बसलो. साडेसहाला आवाज वर आला आणि ‘नॅशव्हिल’ एवढा एकच शब्द स्वच्छ ऐकू आला. डब्ल्यूडब्ल्यूसीआर तिकडच्या रात्री याच ४८४० वर असतं. मुंबईच्या जागेवर नॅशव्हिल, काय म्हणावं याला!

याद्यांबद्दलही एक सांगून टाकतो. एचएफसीसी, म्हणजे शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सींचा मेळ घालणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या यादीत जे छापलंय ते नोंदवलेलं असतं, चालू असेलच असं नाही. यादी हातात घेऊन ‘हेच असणार’ म्हणणं म्हणजे वेळापत्रक बघून गाडी आली असं समजणं. ऐका, मग यादीशी ताडा, उलट नको.

तारखेचा घोळ

केंद्राच्या संकेतस्थळावर ‘रविवार रात्री ८, ईस्टर्न’ (म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) असं लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात तो आपला सोमवार पहाटे साडेपाच, हिवाळ्यात सोमवार साडेसहा. अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तर शॉर्टवेव्ह केंद्रांचं वेळापत्रक बदलतं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत कोणाचाच मेळ कोणाशी नसतो, तेव्हा दोन्ही तास ऐका. वहीत फक्त यूटीसी लिहा आणि त्यासाठी दहा रुपयांच्या सेलवर चालणारं वेगळं घड्याळ भिंतीला लावा.

अहवाल

तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, तुमचा रेडिओ आणि तार, निदान वीस मिनिटांचा तपशील. ‘धार्मिक प्रवचन चालू होतं’ हा तपशील नव्हे, ते तिथे चोवीस तास चालू असतं. वक्त्याने बायबलमधलं कोणतं वचन वाचलं ते लिहा: प्रकटीकरण हे पुस्तक, अध्याय १३, ओवी अमुक. इंग्रजीत या पुस्तकांना काय म्हणतात ते आधी पाठ करून ठेवा. धर्माशी घेणंदेणं नसलं तरी चालेल, पण यापेक्षा पक्का पुरावा नाही.

सिन्पोचे पाच आकडे खरे लिहा. सिग्नलचा जोर, दुसऱ्या केंद्रांचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा यांना १ ते ५ असे हे गुण, ५ म्हणजे उत्तम. आपल्याकडे ५५५५५ लिहिण्याची खोड आहे, त्यांना बरं वाटावं म्हणून. मेनमधून साताऱ्यात ५५५५५ येत नाही, हे तिथल्या इंजिनिअरला पक्कं ठाऊक असतं. २५३३२ लिहिलंत तर तो तुमचं पत्र वाचेल.

इंटरनेटवर दुसऱ्याचा रिसीव्हर लावून ऐकलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, तो रिसीव्हर कोणत्या गावी आहे तेही. सरावाला ही सोय छान आहे. अमेरिकेतल्याच एखाद्या रिसीव्हरवर आठवडाभर ऐकून प्रत्येक केंद्राची घोषणा कानात बसवून घ्या, मग पहाटेच्या खरखरीत ती चटकन लागते. पण ते ऐकणं आपल्या गच्चीवरचं म्हणून खपवणाऱ्याशी मी बोलत नाही.

डब्ल्यूबीसीक्यू ९३३० किलोहर्ट्झवर ऐकाल तेव्हा चकित होऊ नका. तिथल्या ५०० किलोवॉटच्या ट्रान्समीटरमागे आणि फिरत्या महाकाय अँटेनामागे पैसा आहे तो पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या एका धार्मिक संस्थेचा. अहवालात त्याबद्दल वाद घालू नका, मी एकदा घातलाय. तुम्हाला कार्ड हवंय.

पत्ता केंद्राच्या संकेतस्थळावरून घ्या, कार्यक्रमातून कधीही नको. ई-मेलने पाठवत असाल तर त्या आठ मिनिटांतलं घोषणेचं एक मिनिट कापून जोडा, सगळं रेकॉर्डिंग नको. टपालाने कार्ड हवं असेल तर परतीच्या टपालाचे पैसे कसे घेतात ते आधी विचारा. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, तीही नव्या अहवालासोबत.