नारळी पौर्णिमेआधी मशीनचं कॉम्प्रेशन बघायचंय? आधी ही तयारी करा

यांत्रिक बोटींची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी असते तेव्हा होडी शाकारलेली (वर झापांचं छप्पर घातलेली) आणि मशीन मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, स्टँडवर, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरात पिस्टन हवा किती दाबतो ते, बघून घ्यायला हाच वेळ बरा, कारण नारळी पौर्णिमा जवळ आली की मिस्त्री कोणालाच मिळत नाही. मी हे लिहितोय ते ४० हॉर्सपॉवरच्या, दोन सिलेंडरच्या टू स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्डवरून, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या मशीनवरून. मोठ्या लाँचच्या डिझेल इंजिनाला याचा गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावूच नका, तिथे ३५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर प्रेशर जातं आणि त्याचा गेज वेगळा असतो, ते काम मिस्त्रीकडेच द्या.

टेस्ट पाच मिनिटांची आहे हो, पण तयारीत काही राहिलं तर आकडा खोटा येतो आणि खोट्या आकड्यावर माणूस हेड (सिलेंडरवरचं झाकण) उघडून बसतो. मी बसलोय. दोन्ही सिलेंडर ७० दाखवत होते, पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरून हेड उतरवलं, आत बघतो तर पिस्टन स्वच्छ, एक ओरखडा नाही. थ्रॉटल (हवा आत सोडणारी कार्बोरेटरची पाकळी) बंद ठेवून दोरी ओढली होती, हवाच आत जात नव्हती तर दाबणार काय. नवीन गॅसकेट (हेडखालची सील करणारी पट्टी) आणि दोन दिवस फुकट गेले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं सामान. प्लग पाना, चिंध्या, वायर ब्रश, वही-पेन आणि गेज. गेज आट्यांचा घ्या, रबर टोकाचा हाताने दाबून धरायचा असतो त्यात दोरी ओढताना हात हलतो आणि हवा निसटते. आपल्या प्लगचे आटे बघा, बहुतेक लहान मशीनना १४ मिलीमीटरचे असतात, पण लांबी जुन्या प्लगशेजारी धरून मोजाच, कारण प्लगच्या जागी बसणारं गेजचं टोक, म्हणजे अडॅप्टर, जास्त लांब असेल तर पिस्टन वर येऊन त्यावर आपटू शकतो. अजून एक, गेजच्या नळीच्या टोकाला जो बारीक वॉल्व असतो तो खराब झाला की लोक गाडीच्या ट्यूबमधला घालतात, दिसायला सेम, पण त्याची स्प्रिंग कडक असते त्यामुळे आकडा कमी येतो. गेजचाच घ्या.

बॅटरी स्टार्ट असेल तर बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, मशीन हळू फिरलं की आकडा पडलाच समजा. दोरीचं मशीन असेल तर सगळ्या सिलेंडरला एकाच माणसाने ओढायचं, एकदा मुलगा आणि एकदा बाप असं केलं तर तुलना कशाची करणार?

मग मशीन गरम करा. पिंपात गोडं पाणी भरा, पाणी खेचायच्या जाळीच्या बरंच वर आलं पाहिजे, आणि पाच-दहा मिनिटं चालवा. पाण्याशिवाय एक मिनिटसुद्धा नको, इंपेलर (पाणी खेचणारा रबरी पंखा) जळतो. मशीन चालूच होत नसेल तर थंडच बघा, फक्त वहीत "थंड" असं लिहा म्हणजे पुढच्या वर्षी गरमच्या आकड्याशी मिसळणार नाही.

आता मशीन बंद, गिअर न्यूट्रलला, पेट्रोलचा पाइप काढा, किल स्विचची (मशीन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा. प्लगच्या कॅप ओढताना वायरीला धरून ओढू नका. प्लग काढायच्या आधी त्याच्या भोवतीच्या खड्ड्यातलं मीठ आणि वाळू ब्रशने, मग फुंकून साफ करा, नाहीतर ती सरळ सिलेंडरात पडते. प्लग सगळे काढायचे, एकच काढून बघितलं तर मशीन जड फिरतं. काढलेले प्लग पेपरवर वरचा-खालचा असे क्रमाने ठेवा आणि नीट बघा: एक काळा तेलकट आणि दुसरा धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल तर त्या स्वच्छवाल्या सिलेंडरात पाणी जात असण्याची शंका घ्या. कॅपमधल्या वायरी ब्लॉकला, म्हणजे मशीनच्या धातूच्या अंगाला, जोडून अर्थ करा, कारण प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिथे ठिणगी पडली तर आग लागेल. मांगराचं दार उघडं ठेवा, विडी-सिगारेट लांब.

आणि थ्रॉटल पूर्ण उघडा! न्यूट्रलमध्ये बऱ्याच मशीनचं हँडल पूर्ण फिरत नाही, लॉक असतं, तेव्हा कार्बोरेटरची पाकळी हाताने उघडून दोरीने बांधून ठेवा. चोक मात्र बंद करू नका, तोही हवा अडवतो.

गेज हाताने घट्ट बसवा, पान्याने आवळायची गरज नाही. काटा पहिल्या ओढीला अर्ध्यावर उडी मारतो, मग प्रत्येक ओढीला थोडा थोडा चढतो आणि पाचव्या-सहाव्याला थांबतो, तो थांबला तोच आकडा. गेजचं बटण दाबून शून्य करा आणि परत एकदा घ्या, दोन्ही लिहा.

आकडा किती पाहिजे याचं उत्तर मशीनच्या पुस्तकात बघा, पेट्रोल टू स्ट्रोकला साधारण ९० ते १३० पीएसआय दिसतो, रॉकेलवाली मशीनं मुळातच कमी कॉम्प्रेशनची बनवतात त्यामुळे त्यांचा कमी आला तर लगेच घाबरू नका, आणि काही फोर स्ट्रोकना दोरी हलकी जावी म्हणून डिकॉम्प्रेशन (सुरू करताना थोडा दाब सोडून देणारी सोय) असतं, त्यांचाही कमीच येतो. मी स्वतः दोन सिलेंडरमधला फरक आधी बघतो. १२० आणि ११५ असेल तर खुशाल होडी लोटा, १२० आणि ९५ असेल तर बंदरात ठेवा, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक म्हणजे रिंग, पिस्टन किंवा गॅसकेट यापैकी काहीतरी आहेच. तयारी सगळी बरोबर असूनही दोन्ही शेजारी सिलेंडर सारखेच खाली आले तर आधी हेड गॅसकेटवर शंका घ्या. चमचाभर तेल घालून परत बघायची पद्धत आहे, पण आउटबोर्डचे सिलेंडर आडवे असतात, तेल खालच्या बाजूला बसतं, त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

झालं की पाकळीची दोरी आठवणीने सोडा. प्लग आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मगच पाना लावा, अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम वाढतं. आकडे, तारीख आणि गरम की थंड हे वहीत लिहाच, शिवाय झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने पण लिहा, वही हरवते, झाकण नाही हरवत.