घोड्यावर किती वजन चालेल? हिशेब करताना या चुका टाळा

घोडा स्वतःच्या वजनाच्या २० टक्के भार वाहू शकतो, हे घोडेस्वारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पण २० टक्के नेमके कशाचे, आणि भारात काय काय धरायचं, इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो.

घोड्याचं वजन नजरेनं ठरवणं

अनुभवी माणसंसुद्धा नजरेच्या अंदाजात सहज ३०-४० किलोंनी चुकतात, आणि बहुधा उंच घोड्याला जास्त वजन देऊन मोकळी होतात. वजनकाटा नसेल तर मापाची फीत घ्या. एक माप छातीच्या घेराचं: मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या लगेच मागून, कोपरांच्या मागून फीत फिरवा. ती अंगाला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. श्वास सोडल्यावर आकडा वाचा. दुसरं माप लांबीचं: खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०; उत्तर किलोत येतं.

समजा घेर १७० आणि लांबी १५० भरली. वजन साधारण ३६५ किलो, म्हणून २० टक्के म्हणजे ७३ किलो. आता फीत शेपटीच्या दिशेनं पुढे सरकली आणि लांबी १६० लिहिली गेली, तर तेच वजन ३८९ किलो होतं आणि जवळपास ५ किलोंची खोटी सवलत मिळते. दोन्ही मापं तीनतीनदा घेऊन सरासरी काढा. घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ ठेवून उभा हवा. हे सूत्र पूर्ण वाढलेल्या घोड्यांसाठी आहे, शिंगरांना लावू नका.

चरबीलाही ताकद समजणं

४२० किलोचा घोडा सुदृढ अवस्थेत ३७० किलोचाच असायला हवा असेल, तर वरचे ५० किलो तो आधीच पाठीपायांवर वागवतो आहे. त्याच्यासाठी ८४ किलोंची मर्यादा धरणं चूक; ३७० वर हिशेब केला की ७४ किलो येतात. म्हणजे लठ्ठ घोड्यावर बसणाऱ्याचं वजन कमी हवं. हे ओळखायला १ ते ९ ची शरीरस्थिती मोजपट्टी वापरतात; १ म्हणजे अगदी हाडकुळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. ५ वर बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. बरगड्या शोधाव्या लागल्या, मानेच्या वरच्या कडेला चरबीची कड आली, तर आदर्श वजन धरूनच गणित करा. हाडकुळ्या घोड्याच्या बाबतीत उलटी चूक होते. त्याचं आदर्श वजन धरून भार वाढवू नका, कारण स्नायूच नाहीत. आजचं वजन धरा.

भारात फक्त स्वाराला मोजणं

घरच्या काट्यावर स्वार ७० किलो भरला. बूट, हेल्मेट, कपडे ३ किलो. खोगीर ९ किलो. खोगिराखालची गादी, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आणि रिकिबी २ किलो. पाण्याची पिशवी आणि किरकोळ सामान ३ किलो. एकूण ८७. वरच्या ३६५ किलोच्या घोड्यासाठी हे २३.८ टक्के होतात, आणि स्वार मात्र १९ टक्क्यांत आहोत म्हणून निश्चिंत! सगळं अंगावर आणि हातात घेऊन एकदाच काट्यावर उभं राहणं हा सोपा उपाय. वेस्टर्न पद्धतीचं जड खोगीर १५ किलोंच्या पुढे जाऊ शकतं. एकूण भार थोडाच जास्त असेल तर आधी हलकं खोगीर शोधा.

२० टक्क्यांची रेघ पक्की समजणं

२००८ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हलक्या बांध्याच्या घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन पाहिला. २५ आणि ३० टक्क्यांना नाडीची आणि श्वासाची गती जास्त वाढली, आणि ३० टक्क्यांना पाठीचे स्नायू नंतर जास्त दुखरे व कडक आढळले. कंबर रुंद आणि पुढच्या पायाची नळी (गुडघ्याखालचं हाड) जाड असलेल्या घोड्यांना मात्र त्रास कमी झाला. म्हणून टक्केवारीसोबत बांधा पाहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला भाग एका तळहातात मावला तर पाठ आखूड आणि भक्कम. मोठी फट असेल तर भार उतरवा. अवजड ओढकामाच्या जातींना दांडगं शरीर म्हणून थेट २० टक्के लावू नका. त्यांची रचना ओढण्यासाठी आहे, पाठीवर वाहण्यासाठी नाही. वय तर विसरूच नका: पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते. उंची भरली म्हणून तीन वर्षांच्या घोड्यावर पूर्ण भार टाकणाऱ्यांना काय म्हणावं!

चाल आणि वेळही तितकीच महत्त्वाची. कदम चालीत पाठीवर स्वाराच्या वजनाच्या जेमतेम सव्वापट जोर येतो, दुडकीत तो दुपटीहून जास्त होतो, आणि कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान संथ दौडीत, अडीच पटींच्या पुढे जातो. त्यातही बसून दुडकी घेतली तर त्रास सर्वाधिक; उठबस करत किंवा बूड किंचित उचलून घेतली तर कमी. तोल जाणारा ६० किलोचा स्वार स्थिर बसणाऱ्या ७० किलोच्या स्वारापेक्षा जड पडू शकतो.

खोगीर स्वाराला लहान असणं

वजन बरोबर असूनही घोडा अवघडतो, त्याचं कारण बरेचदा इथे सापडतं. बैठक आखूड असली की स्वार मागच्या कडेवर ढकलला जातो आणि सगळा भार कमरेकडच्या निराधार भागावर पडतो. स्वार बसल्यावर त्याच्या मागे हाताच्या पंजाएवढी जागा उरली पाहिजे, आणि खोगिराची भरीव गादी शेवटच्या, म्हणजे अठराव्या, बरगडीच्या पुढे संपली पाहिजे. घामाच्या डागात मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब एकवटला असण्याची शक्यता आहे. पाठीवरचे पांढरे केस जुन्या दाबाची खूण असतात.

रपेटीनंतर पाठ न तपासणं

पाठीच्या कण्यापासून साधारण चार बोटं अंतरावर, दोन्ही बाजूंनी, उंचवट्याच्या मागून कमरेपर्यंत बोटांच्या पोटांनी मध्यम दाब देत जा. रपेटीआधी करा, लगेच नंतर करा, आणि दुसऱ्या दिवशीही करा, कारण दुखणं बरेचदा चोवीस तासांनी उमटतं. पाठ एकदम खाली दबली, स्नायू दगडासारखा घट्ट झाला, शेपटी आपटली किंवा कान मागे गेले, तर पुढची रपेट रद्द.

नाडीही मोजा. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप ठेवून १५ सेकंदांचे ठोके गुणिले ४. विश्रांतीत ते मिनिटाला २८ ते ४४ असतात. काम थांबवून १० मिनिटांनीही ६० च्या वर राहिले तर भार, वेग किंवा वेळ यापैकी काहीतरी जास्त झालं आहे. पुढच्या वेळी यांतली एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण कळेल. वाढत्या भारानं पावलं आखूड पडू लागली किंवा लंगडणं दिसलं, तर मात्र प्रयोग थांबवून पशुवैद्याला दाखवा.

जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढताना खोगीर डावीकडे खेचलं जातं आणि दाब उजव्या खांद्यामागे एकवटतो. भार सीमेवर असेल तर ओट्यावरून चढा, लांब उतारावर खाली उतरून चाला, आणि खुराक किंवा काम बदललं की महिन्याभरात फीत पुन्हा लावा.