बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला खऱ्या कामावर कसे रुजवावे

विशेष शाळा संपली की मुलगा प्रौढांच्या कार्यशाळेत जातो. पणत्या रंगवतो, राख्या करतो, कागदी पिशव्या चिकटवतो. ‘तयार झाला की बाहेर कामाला लावू’ म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. खरी मेख अशी की एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे हेच या मुलांना अवघड जाते. कार्यशाळेत जमलेले काम कारखान्यात गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. म्हणून आधी जागा ठरवा आणि त्या जागेवरच शिकवा. इथे उदाहरण लहान फरसाण कारखान्यातले घेतले आहे. हॉटेलच्या भांडीघराला किंवा रोपवाटिकेलाही हीच पद्धत चालते.

आधी कागद. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढलेले असावे, कारण बहुतेक सवलतींना 40 टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमतेची नोंद लागते. मुलगा 18 वर्षांचा झाला की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यासाच्या (अशा व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची संस्था) जिल्हा स्तरावरील समितीकडे अर्ज करावा. घरी संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येत असतील तर तिथे उत्पन्नाची अट आहे, हे पगार ठरण्यापूर्वीच बघून घ्या. नंतर कळले की घरचेच काम सोडायला लावतात.

जागा बघायला किमान दोनदा जा, तीही ऐन कामाच्या वेळी. घरून एकाच बसने पोचता येते का? स्वच्छतागृह कुठे आहे, त्याला कडी आहे का? काम कोण वाटून देते? तीन जण तीन हुकूम सोडणार असतील तर ती जागा नको. मालकाकडे दयेचा विषय काढू नका. त्याला कुठे माणूस कमी पडतो ते विचारा. फरसाणवाल्याकडे दसरा-दिवाळीच्या धामधुमीत सुरुवात करू नये, तुळशीची लग्ने उरकल्यावर जावे.

आता काम फोडायचे. ‘पाव किलो चिवड्याची पाकिटे भर’ हे आपल्याला एक काम वाटते. ते असे मोडते:

1. पाकीट डब्यात उभे करून तोंडाला नरसाळे लावणे.
2. डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करणे.
3. ठरलेले माप दोनदा भरून ओतणे.
4. थोडे थोडे घालत 250 पर्यंत आणणे.
5. नरसाळे काढून पाकिटाचे तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसणे.
6. हवा काढून तोंड सीलिंग मशीनवर सरळ धरणे.
7. दांडा दाबणे, दिवा विझल्यावर मनात दोन मोजून सोडणे.
8. शिवण ओढून बघणे, पाकीट क्रेटमध्ये ठेवणे.

चुका होतात त्या चौथ्या, पाचव्या आणि सातव्या पायरीवर. आकडे वाचता येत नसतील तरी जुळवता येतात. काट्याशेजारी 250 ते 255 असे सहा आकडे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. काट्यावर त्यातला कुठलाही दिसला की थांबायचे. मापाची वाटी अशी निवडा की दोनदा भरून ओतल्यावर वजन 250 च्या जरासे खालीच राहील, म्हणजे उपसून काढावे लागत नाही. तोंडाला तेलकट चुरा राहिला तर शिवण धरत नाही. दिवा विझताच दांडा सोडला तर प्लास्टिक अजून गरम असते आणि जोड उकलतो. मशीनची कळ किती फिरवायची ते एकदा ठरवून तिथे रंगीत टेपची खूण करा. जास्त फिरली तर पाकीट वितळते.

शिकवताना शेवटून सुरुवात करावी. पहिले काही दिवस बाकी सगळे प्रशिक्षकाने, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्याने, करायचे, शिवण ओढून पाकीट क्रेटमध्ये मात्र मुलाने ठेवायचे. ते जमले की सातवी पायरी, मग सहावी. दर वेळी पूर्ण झालेले पाकीट त्याच्याच हातून जाते, त्यामुळे हुरूप टिकतो. अडला तर लगेच तोंड उघडू नका. मनात पाच मोजा, मग नुसते बोट दाखवा. सतत बोलून सांगणे ही प्रशिक्षकांची सर्वात वाईट सवय. मुलगा काटा बघण्याऐवजी आवाजाची वाट बघू लागतो आणि ती सवय मोडणे फार कठीण असते.

रोज एक तक्ता भरा. डावीकडे आठ पायऱ्या, वर तारखा. स्वतः केले तर ‘स्व’, खुणेने केले तर ‘खू’, बोलावे लागले तर ‘बो’, हात धरावा लागला तर ‘हा’. सलग तीन दिवस ‘स्व’ आले की त्या पायरीपासून दूर व्हायचे, अगदी शब्दशः: आधी दोन पावले मागे, मग खोलीच्या दाराशी, मग बाहेर. प्रशिक्षक कधी निघणार हे पहिल्याच आठवड्यात मालकाला सांगून ठेवा. नाहीतर प्रशिक्षकच फुकटचा दुसरा कामगार होऊन बसतो. वेग नंतर बघावा. वजन आणि शिवण बरोबर यायला लागल्यावरच तासाला किती पाकिटे होतात ते मोजा.

एवढे करूनही काम सुटते ते बहुधा जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्याचा डबा उघडणे, मिठी मारणे, एकच प्रश्न वीस वेळा विचारणे. हेही पायऱ्या पाडून शिकवावे लागते: कुठे बसायचे, डबा कोणता, हात कुठे धुवायचे, किती वाजता उठायचे. कामगारांपैकी एकाला जोडीदार नेमा. चोवीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणू नका, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. मुलगी असेल तर पाळीच्या दिवसांतली सोय आणि तक्रार कोणत्या बाईंकडे करायची, हे तिला चेहऱ्यानिशी ठाऊक हवे.

बसचा प्रवासही असाच. बस चुकली तर काय करायचे, हे मुद्दाम बस चुकवून दाखवा. पावसाळ्यात मार्ग बदलतो, म्हणून घरचा पत्ता आणि फोन लिहिलेले कार्ड खिशात असू द्या.

बिनपगारी चाचणी किती दिवस, हे तारखेसह लेखी घ्या. ‘अजून शिकतोय’ म्हणत सहा महिने राबवून घेणारे भेटतात. कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर दिव्यांगांसाठी महिन्याची वेतनमर्यादा 25,000 रुपये आहे, इतरांसाठी 21,000. पगार मुलाच्या खात्यात जावा आणि पहिल्या पगारातले काही पैसे त्याने स्वतः मोजून खर्च करावेत.

प्रशिक्षक निघाल्यावरही महिन्यातून एक चक्कर ठेवा. नवे मशीन, वेगळ्या आकाराचे पाकीट, बदललेला मुकादम, यांपैकी काहीही आले की बसलेली घडी मोडते. बदल करण्याच्या आदल्या दिवशी एक फोन करा, एवढे मालकाकडून कबूल करून घ्या.