अंगरखा बगलेत फाटत होता, शेवटी असा जमला

नागपूरच्या महाल भागातल्या नाटकासाठी इथले राजे रघुजी भोसल्यांच्या काळातला, म्हणजे १८व्या शतकातला अंगरखा हातानंच शिवायचं ठरवलं, त्या काळी शिलाई मशीन कुठं होती बाप्पा! कापड गांधीबागेतून आणलं, साधं सुती. पण तलवार उचलली की बगलेत टरकन उसवायचं, दोनदा टीप मारली तरी तेच. मग लक्षात आलं, मी पॅटर्न आजच्या शर्टाचा घेतला होता, गोल मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायची जागा गोल कापलेली. जुन्या कापात बाही सरळ पट्टीची अन् बगलेत चौकोनी तुकडा. ४ इंचाचा चौकोन कापून तिरपा बसवला, दोऱ्याला मेण लावून बारीक उलटी टीप (दर टाक्याला सुई थोडी मागं घेऊन) घातली, आता हात पार डोक्यावर जातो. कोपऱ्यांनी मात्र जाम रडवलं, तिथं दोन टाके जास्तच घाला.