बॅक्टेरियाच्या काँक्रीटवर प्रोजेक्ट घेताय?

एम.ई.ला भेगा बुजवणाऱ्या काँक्रीटचा विषय घेतला तेव्हा वाटलं, पाण्यात जिवाणू कालवायचे, क्यूब (काँक्रीटचे चौकोनी ठोकळे) ओतायचे, ताकद मोजायला २८व्या दिवशी फोडायचे. प्रत्यक्षात पहिले दोन महिने साच्याला हातही लावला नाही.

माझा जिवाणू स्पोरोसार्सिना पाश्चुरी. तो युरिया फोडतो, त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट सुटतं. कार्बोनेटला कॅल्शियम भेटलं की भेगेत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचे स्फटिक, साचतं. कल्चर (जिवंत जिवाणूंचा नमुना) पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेतल्या संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणूसंग्रहाकडून रीतसर मागवतात. वाढवायला मात्र मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये जागा मागावी लागते आणि तिथे सिव्हिलवाल्याकडे सगळे संशयानं बघतात. (बुटांना सिमेंट लागलेलं असतं, त्यांचंही चुकत नाही.)

मी युरियासकट सगळं माध्यम (जिवाणूंच्या खाण्याचं द्रावण) ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घातलं. झाकण उघडलं तर अमोनियाचा असा भपकारा, की डोळ्यांतून पाणी. "अहो, युरिया कुणी शिजवतं का?" लॅबमधल्या ताई हसल्या. उष्णतेनं तो आधीच फुटतो. त्याचं द्रावण वेगळं करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरनं गाळायचं आणि माध्यम थंड झाल्यावर मिसळायचं, हे त्यांनीच शिकवलं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. तुलनेला फक्त साध्या पाण्याचे क्यूब ओतले होते. गाईड म्हणाले, "फरक जिवाणूचा की त्याच्या खाण्याचा?" उत्तर नव्हतं. माध्यमातल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टनं सिमेंट उशिरा सेट होतं, आणि केसाएवढ्या भेगा तर नुसत्या पाण्यातही उरलेल्या सिमेंटमुळे बुजतात. म्हणून तीन संच हवेतच: पाणी, नुसतं माध्यम, माध्यम अधिक जिवाणू. सगळं पुन्हा ओतलं. भेगेतला पांढरा थर आम्लाच्या थेंबानं फसफसला म्हणूनही नाचू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटचं साधं कार्बोनेशन झालं तरी तो फसफसतोच. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) स्फटिकांत जिवाणूंच्या आकाराचे खळगे दिसले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

व्हायव्हात हमखास विचारतात: कॅल्शियम मिळावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड वापरलंत, मग सळईचं काय? क्लोराइडनं ती गंजते. आरसीसीचा विचार असेल तर कॅल्शियम लॅक्टेट घ्या. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे संशोधक हेन्क योंकर्स यांनी तेच वापरलं, आणि जिवाणूही बीजाणू (तग धरणारं सुप्त रूप) बनवणारे निवडले, कारण काँक्रीटचा पीएच १२च्या वर, म्हणजे फारच अल्कधर्मी असतो.

नोकरीच्या जाहिरातींत 'बायोकाँक्रीट' शोधू नका. मला दुरुस्ती-वॉटरप्रूफिंगच्या कामावर घेतलं, ते भेग कशामुळे पडली हे सांगता आलं म्हणून. जिवाणूंबद्दल मुलाखतीत एकच प्रश्न आला: "घरात वास येईल का हो?" येतो म्हणालो. युरियाच्या पद्धतीत येतोच.