आज दूध तापवायचं का ओतायचं?

तासगावच्या अलीकडे एका गावात बचत गटाची बैठक होती. एका काकूंनी स्टीलचा डबा माझ्यापुढे उघडला. आत पांढरट गोळा. ओढला की लांबायचा, सोडला की आखडायचा. "हे बघा तुमचं दूध. प्लास्टिक हाय निव्वळ." मागच्या बायकांनी मोबाइल बाहेर काढले.

परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून बी.टेक. करून मी एका डेअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये चार वर्षं काढली होती आणि नुकतीच ग्राहक-जागृतीच्या कामाला लागले होते. उत्तर तोंडपाठ होतं. केसीन नावाचं प्रथिन, दूध थोडं आंबलं की त्यातलं कॅल्शियम कसं सुटतं, मग उष्णता लागली की त्याचे धागे कसे होतात, पिझ्झ्यावरचं चीज का ताणतं, सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या ओ मॅडम. आज दूध तापवायचं का ओतायचं, तेवढं सांगा की."

मी गप्प. हा प्रश्न चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठल्याच पेपरला आला नव्हता.

अन्न सुरक्षेच्या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, "लोकांशी बोलण्याचं हे काम कसं शिकायचं?" कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था. तिच्या चौकटीत जोखीम-विश्लेषणाचे तीन भाग आहेत: जोखीम मोजणं, ती आवरणं आणि तिच्याविषयी लोकांशी बोलणं. पहिल्या दोन भागांवर जाडजूड पुस्तकं मिळतात. तिसरा शेवटच्या धड्यात दोन पानांत उरकलेला असतो. नोकरीत मात्र पहिल्याच आठवड्यात तुम्ही फोनच्या या टोकाला असता आणि पलीकडे कुणाचं तरी पोर उलट्या करत असतं.

आधी डेअरीतली माझी फजिती सांगते. एका उन्हाळ्यात पिशवीच्या दुधाला रंगासारखा वास येतो म्हणून सकाळी सहापासून फोन सुरू झाले. कारण दुपारपर्यंत कळलं. पिशवीच्या फिल्मचा नवा रोल लावला होता आणि त्यावरच्या छपाईची शाई नीट वाळलेली नव्हती. पण सकाळी साडेसातला हातात काहीच नव्हतं, आणि विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकायला निवेदन लिही, असं मला सांगण्यात आलं. मी लिहिलं: 'आमचे दूध पूर्णपणे सुरक्षित आहे. ग्राहकांनी घाबरून जाऊ नये.' तासाभरात फोन दुपटीने वाढले. एका विक्रेत्याने सुनावलं, "ताई, सकाळी मला फक्त वास येत होता. तुमचं वाचल्यावर भीती वाटली."

तपासणी झाल्याशिवाय 'पूर्णपणे सुरक्षित' म्हणणं हे खोटंच होतं. निकाल पुढे बरा लागला तरी त्या क्षणी ते खोटंच.

दहाला दुसरं निवेदन गेलं. ते वरिष्ठांशी भांडून लिहिलं होतं, कारण त्यांना 'तक्रार' हा शब्दच नको होता. कोणत्या वेळेच्या छाप्याच्या पिशव्यांबद्दल तक्रारी आहेत, ते लिहिलं. त्या पिशव्यांचं दूध वापरू नका, फोडलेली असली तरी विक्रेत्याकडे बदलून मिळेल. वास कशाचा आहे ते अजून कळलेलं नाही, तपासणी चालू आहे. पुढची माहिती संध्याकाळी सहाला. सहाला मला नवं सांगण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. रोलचा संशय होता, खात्री नव्हती. तरी बरोबर सहाला तेवढंच लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन निम्म्यावर आले. लोकांनी शाईचं रसायनशास्त्र समजून घेतलं म्हणून हे झालं नाही. सहाला सांगते म्हटलं आणि सहाला सांगितलं, एवढ्यानेच झालं.

त्याच दिवशी आमच्या एका साहेबांना कॅमेऱ्यासमोर दुधाचा पेला पिऊन दाखवायचा होता. मी त्यांना जॉन गमर यांची गोष्ट सांगितली. मे १९९०. ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूच्या रोगाने, म्हणजे बीएसईने, लोक धास्तावले होते. शेतीमंत्री गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायला घेतला. गोमांस सुरक्षित आहे, असा संदेश द्यायचा होता. मार्च १९९६ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसातल्या नव्या जीवघेण्या आजाराचा बीएसईशी संबंध असण्याची शक्यता आहे. पुढे २००० साली तिथे शेतीखात्यापासून वेगळी अन्न मानक संस्था उभी राहिली. माल विकण्याची काळजी आणि लोकांच्या पोटाची काळजी एकाच टेबलावर ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार. साहेबांनी पेला खाली ठेवला. माझ्या गोष्टीमुळे की वासामुळे, ते मी विचारलं नाही.

आता आकड्यांचं. या क्षेत्रात आकड्यांइतकं दुसरं काही निसटत नाही. २०११ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने तपासले. त्यातले ६८.४ टक्के नमुने मानकांत बसले नाहीत. बहुतेकांत दोष होता पाण्याचा, किंवा फॅट-एसएनएफ (म्हणजे स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन घटक) कमी असण्याचा. 'मानकात न बसणारं' याचं बातमीत 'भेसळीचं' झालं, चहाच्या टपरीवर 'विषारी' झालं. काही वर्षांनी व्हॉट्सअॅपवर हाच आकडा थोडा बदलून आला आणि त्याला शेपूट लागली होती, '२०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर, जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा.' असा कुठलाही इशारा दिला गेलेला नाही, हे केंद्र सरकारला जाहीर करावं लागलं. तो फॉरवर्ड मला आजही येतो.

२०१८ च्या सर्वेक्षणात ६,४३२ नमुने होते. भेसळीमुळे असुरक्षित ठरले ते १२. याचा अर्थ सगळं आलबेल, असाही नाही. ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीपासून येणारं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते कुणी दुधात मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड किंवा चारा जनावराच्या पोटात जातो आणि तिथून ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. म्हणजे लोक युरिया आणि डिटर्जंटला घाबरत होते, आणि काळजीची जागा होती गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यात. पीटर सँडमन या अमेरिकी तज्ज्ञाची मांडणी आहे की लोकांना जाणवणारी जोखीम म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक संताप. मापात पाप करणाऱ्याचा राग येतो, बुरशीचा कुणाला येणार? म्हणून बुरशीवर मोर्चा निघत नाही. नवख्यांना माझं सांगणं आहे की त्या संतापाला अडाणीपणा म्हणू नका. दुधात पाणी घालून वर्षानुवर्षं फसवलं गेलेलं माणूस तुमच्याशी बोलत असतं.

तुमच्या शब्दांचंही तसंच. कायद्याच्या भाषेत 'कमी दर्जाचे', 'मिथ्याछाप' आणि 'असुरक्षित' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लेबलवर पत्ता चुकला तर माल मिथ्याछाप होतो, त्याने कुणी आजारी पडत नाही. पत्रकाराला यातला फरक फोनवर अर्ध्या मिनिटात सांगता आला पाहिजे. आरशासमोर सराव करा, लाजू नका. मी केलाय.

दिवाळीत खव्याच्या गाड्या पकडल्या जातात, तेव्हा हे जास्त लागतं. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग होतात, एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि अहवालाला कायद्याने १४ दिवस मिळतात. बातमी मात्र त्याच संध्याकाळी, 'भेसळयुक्त खवा जप्त'. अहवाल येतो तेव्हा करंज्या खाऊन संपलेल्या असतात. या चौदा दिवसांत काय बोलायचं, यात तुमची खरी परीक्षा. 'संशयावरून माल थांबवला आहे, नमुना अमुक तारखेला गेला, निकाल आल्यावर आम्हीच कळवू' एवढं बोला, आणि निकाल चांगला आला तरी कळवा. दुसरा अर्धा भाग जवळजवळ सगळेच विसरतात. आणि घाई केली तर काय होतं, हे २०१५ च्या नूडल्स प्रकरणात दिसलं. ५ जूनला देशभर बंदीचा आदेश निघाला, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कंपनीला बाजू मांडू दिली नाही आणि प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती, ही कारणं होती. नूडल्समध्ये शिसं होतं की नव्हतं, यावर लोक आजही जेवताना वाद घालतात. म्हणजे दोन्ही बाजूंचा विश्वास गेला.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते भगरीने. नवरात्र आणि महाशिवरात्र आली की मराठवाड्यातून, विदर्भातून भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. भगर ओलावा धरते, तिला बुरशी लागते, पीठ करून ठेवलं तर आणखी लवकर. सल्ला साधा आहे. सुटी भगर किंवा तयार पीठ आणू नका, बंद पाकिटातली आणा, तारीख बघा, निवडून धुऊन घ्या, लागेल तेवढीच दळा. पण हा सल्ला छापून येतो तो विषबाधेच्या दुसऱ्या दिवशी, उपास सुटल्यावर.

एका वर्षी आम्ही घटस्थापनेच्या आठ दिवस आधी गेलो, आणि सभागृहं, भाषणं सोडून थेट पिठाच्या गिरण्यांत गेलो. उपासाचं दळण कुणाचं, कधीचं, हे गिरणीवाल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. एका गिरणीवाल्या मामांनी आमचं पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पाटीवर खडूने स्वतःच्या भाषेत लिहिलं: 'मागच्या उपासाची भगर दळून मिळणार नाही.' आमच्या पत्रकात सहा मुद्दे होते आणि वर दिव्यांचं चित्र. मामांच्या पाटीवर एक ओळ. त्या वर्षापासून मी पत्रक लिहिलं की आधी एखाद्या गिरणीत नाहीतर किराणा दुकानात वाचून दाखवते. ऐकणाऱ्याने 'म्हंजे करायचं काय?' असं विचारलं, तर ते पत्रक फाडायचं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. अन्नतंत्र, दुग्धतंत्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, कृषी, पशुवैद्यक यांपैकी कशातही पदवी असेल तर अन्न सुरक्षा अधिकारी पदाचा रस्ता खुला असतो, आपल्याकडे ती भरती एमपीएससीतून होते. खाजगीत क्वालिटी, लेबलिंग, ग्राहक तक्रार विभाग आहेत. तक्रार विभागाला नाक मुरडू नका, तिथे सहा महिन्यांत जे कळतं ते लॅबमध्ये सहा वर्षांत कळत नाही. आणि महिनाभर तरी पहाटे दूध संकलन केंद्रावर उभे राहा. साडेतीन फॅट-साडेआठ एसएनएफच्या दुधाला दर किती आणि एसएनएफ एका पॉइंटने उतरला की शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो, हे पाहिलेलं नसेल तर भेसळीवर भाषण देऊ नये.

घरगुती चाचण्या शिका आणि त्यांची मर्यादाही सांगा. आयोडीनने पिष्ट निळं होतं, हे मुलांना फार आवडतं. पण दूध जोरात हलवलं की फेस येतोच, म्हणून फेस आला म्हणजे डिटर्जंट असं नाही. युरिया तर दुधात मुळातच थोडा असतो. मानकाने ७०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ७०० भागांपर्यंत, तो मान्य आहे.

त्या काकूंकडे मी पंधरा दिवसांनी परत गेले. बरोबर सकाळपासून बाहेर ठेवलेलं दूध होतं. त्यांच्याच चुलीवर तापवलं. पहिल्या खेपेला नुसतं पनीर झालं, सगळ्या हसल्या. दुसऱ्या लिटरला गोळा जमला, गरम पाण्यात मळला आणि ताणला गेला, हुबेहूब त्यांच्या डब्यातल्यासारखा. काकूंनी तुकडा निखाऱ्यावर धरला. केस जळल्यासारखा वास आला. "हे प्लास्टिक न्हाई," असं त्याच म्हणाल्या, मला बोलावं लागलं नाही. मग राहिलेलं उत्तर दिलं: नासलेलं दूध ओतून द्या, पोरांना देऊ नका. पिशवी फेकू नका, तारीख-वेळेचा छापा ठेवा. आल्या आल्या तापवा. सलग दोन दिवस नासलं तर पिशवी घेऊन विक्रेत्याकडे जा आणि मला फोन करा, कारण टेम्पोत दूध तापत असणार.

टेम्पोतच तापत होतं.

आता काकू मला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवतात, खाली फक्त प्रश्नचिन्ह. परवा कलिंगडाला इंजेक्शन देतानाचा आला. कोरा कापूस फोडीच्या गरावर घासा, लाल झाला तर खाऊ नका, फोड फ्रीजमध्ये ठेवून मला फोटो पाठवा, असं लिहिलं. त्यांचा फोटो आला. कापूस फिकट गुलाबी. लाल म्हणावा असा नाही, पांढरा तर नाहीच. मी लिहिलं, 'एवढ्यावरून मला सांगता येत नाही. आज खाऊ नका. फोड घेऊन जाते, लॅबला विचारून उद्या अकरापर्यंत कळवते.'

अकराला अजून वीस मिनिटं आहेत. लॅबचा फोन लागत नाहीये.