आपापल्या गतीने, तरीही सोबतीने: ऑनलाइन कोर्स असा आखा

सोबत शिकणं म्हणजे गटप्रकल्प असं धरून चाललं, की स्वतःच्या सोयीने शिकणाऱ्याची पंचाईत होते. चौघांच्या गटात एकजण पाचव्या धड्यावर, दुसरा पहिल्यावर; पुढचा खोळंबतो, मागचा ओशाळून कोर्सच सोडतो. नॉर्वेचे दूरशिक्षणाचे अभ्यासक मॉर्टन फ्लाटे पॉल्सेन यांनी १९९०च्या दशकात शिकणाऱ्याच्या मोकळिकीच्या सहा बाजू मांडल्या: वेळ, जागा, गती, माध्यम, प्रवेश आणि अभ्यासक्रम. तुमचा कोर्स यांपैकी कुठे अडवतो, ते आधी लिहून काढा. गटकामाची गाठ बहुधा गतीशीच पडते.

सुरुवातीला प्रत्येकाकडून स्वाध्यायांच्या तारखा घ्या. त्या पुढेमागे करायची मुभा असू द्या. या तारखांवरूनच जोडीदार सुचवता येतो. दोघांत फार तर दोन स्वाध्यायांचं अंतर असावं. विनंती पाठवायची, समोरच्याने हवी तर स्वीकारायची. नकाराचं कारण विचारायचं नाही. अंतर वाढलं की दुसरा जोडीदार सुचवा.

परिचय आणि स्वाध्याय कोणी पाहायचे, हे शिकणाराच ठरवेल: फक्त शिक्षक, सहाध्यायी की सगळे. आपोआप निवडलेला पर्याय 'फक्त शिक्षक' हाच हवा. एकाचे गुण मात्र दुसऱ्या शिकणाऱ्याला दाखवू नका.

सगळ्यात उपयोगी पडते ती एक साधी अट: आपलं उत्तर दिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसणार नाहीत. नक्कल टळते, आणि स्वतः डोकं खाजवल्यावर दुसऱ्याचं उत्तर वाचायला खरी गोडी येते. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्रणालीत प्रश्नोत्तर प्रकारचा चर्चामंच हेच करतो. तिथे उत्तर टाकल्यावर दुरुस्तीची मुदत (मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटं) संपेपर्यंत बाकीची उत्तरं उघडत नाहीत. हे आधी सांगितलं नाही, तर 'काहीच दिसत नाही' अशा तक्रारी येतात. काहीजण नुसतं टिंब टाकून कुलूप उघडतात. अशी पोस्ट काढून टाका. प्रश्नही एकाच बरोबर उत्तराचा नको. 'ही आकडेमोड कुठे चुकली आणि तुम्ही कशी पडताळली?' असं विचारलं, तर दहा उत्तरं दहा तऱ्हांची येतात.

परवानगी घेऊन चांगली उत्तरं पुढच्यांसाठी ठेवा. सहा महिन्यांनी एकट्याने सुरुवात करणाऱ्यालाही मग सोबत मिळते.

'किमान दोन प्रतिसाद द्या' ही सक्ती टाळा; तिच्यातून 'छान लिहिलंय' एवढंच निघतं. आणि जोडीदार न घेताही कोर्स पूर्ण होतो ना, हे नोंदणी उघडण्याआधी स्वतः तपासा.